‘अमेरिकन पाय’मधला चावटपणा कोणत्या तराजूने तोलावा?

सावली

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणींपैकी बहुतेकींनी ‘अमेरिकन पाय’ पाहिलेला असल्यामुळे तिलाही तो पाहायचा होता, आणि चोरून पाहण्यापेक्षा माझ्याशेजारी बसून पाहिलेला बरा, असा विचार करून मी होकार दिला. मी स्वतः तो विशीत पाहिला होता. अचकटविचकट प्रसंगांनी भरलेला, पण मनाने वाईट नसलेला चित्रपट, अशी त्याची आठवण माझ्यापाशी होती. पुन्हा पाहिल्यावर मात्र आठवण आणि पडदा यांचा मेळ बसेना. ज्या प्रसंगांची मला धास्ती होती, ते आम्ही दोघींनी हसत पाहिले. आणि ज्याची धास्ती अजिबात नव्हती, त्या प्रसंगाशी मला चित्रपट थांबवावा लागला. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मिशिगनमधल्या एका काल्पनिक शाळेतले, शेवटच्या वर्षाचे चार मित्र शाळा संपण्यापूर्वी आपले कौमार्य संपवायचे, अशी आपापसात शपथ घेतात, आणि त्या शपथेपायी जी फजिती होते ती म्हणजे हा चित्रपट. लेखन ॲडम हर्झ यांचे, दिग्दर्शन पॉल वाइट्झ यांचे, आणि अमेरिकेतले प्रदर्शन ९ जुलै १९९९ चे. सुमारे १ कोटी १० लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात २३ कोटी डॉलरहून अधिक मिळवले. तिथल्या मानांकन मंडळाने आधी त्याला ‘एनसी-१७’ हे सर्वांत कडक मानांकन देऊ केले होते. काटछाट झाल्यावर ‘आर’ मिळाले, म्हणजे सतरा वर्षांखालच्या प्रेक्षकाला पालक किंवा प्रौढ व्यक्ती सोबत हवी. ही कात्री ज्या प्रसंगाला लागली त्यात सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे शीर्षकातल्या पायचा, म्हणजे फळांचे सारण भरून भाजलेल्या पक्वान्नाचा.

तो प्रसंग असा आहे. एका मित्राने चौघांपैकी जिमला एका शारीरिक अनुभवाचे वर्णन गरम सफरचंदाच्या पायच्या उपमेने केलेले असते. जिम घरी येतो तर आईने भाजून ठेवलेला पाय स्वयंपाकघरात ठेवलेला असतो, घर रिकामे असते, आणि पुढे जे व्हायचे ते होते. तेवढ्यात वडील दारात उभे राहतात. हे लिहिताना मलाच संकोच वाटतो आहे. पण त्यानंतरचे दृश्य आठवून पाहा. बाप-लेक टेबलापाशी बसले आहेत, समोर तो विस्कटलेला पाय आहे, आणि कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. वडील आवाज चढवत नाहीत आणि प्रवचनही देत नाहीत. दोघांनी मिळून सगळा खाऊन टाकला असे आईला सांगू, एवढा तोडगा ते काढतात. यूजीन लेव्ही यांनी रंगवलेला हा बाप पुढेही मुलाशी बोलायला येतो तेव्हा शब्दागणिक अडखळतो आणि तरीही खोलीतून निघून जात नाही. मला हा चित्रपटातला सर्वांत मायाळू धागा वाटतो, आणि तो सर्वांत ओंगळ म्हणून बदनाम झालेल्या प्रसंगालाच बांधलेला आहे.

आता दुसरा प्रसंग. नादिया ही स्लोव्हाकियातून या शाळेत शिकायला आलेली मुलगी. बॅलेच्या सरावानंतर ती जिमच्या घरी अभ्यासाला येणार असते आणि तिथेच कपडे बदलणार असते. शाळेतल्या स्टिफलर या वात्रट मुलाच्या चिथावणीवरून जिम आपल्या खोलीतला वेबकॅम सुरू ठेवतो आणि मित्राच्या घरी जाऊन पडद्यापुढे बसतो. तिला यातले काहीही ठाऊक नाही. वर, दुवा पाठवताना चूक होते आणि तो शाळाभर पोहोचतो. चित्रपट हे सगळे उन्हाळी सुट्टीच्या उत्साहात दाखवतो: संगीत खेळकर आहे, जागोजागी पडद्यांपुढे मुले खिदळत आहेत, आणि कॅमेरा त्यांच्याच नजरेने तिच्याकडे पाहतो. पुढे कळते की तिला अमेरिकेत आणणाऱ्यांनीही ते पाहिले आणि तिला मायदेशी परत पाठवले. ही बातमी एका वाक्यात येते आणि कथा जिमला आता दुसरी कोण मिळणार या चिंतेकडे वळते.

माझा प्रश्न असा आहे. आपण एखाद्या चित्रपटाला ‘अश्लील’, ‘चावट’, ‘पांचट’ ही विशेषणे लावतो तेव्हा नेमके काय मोजतो? उघडे अंग, कमरेखालचे शब्द आणि शरीरातून बाहेर पडणारे द्रव मोजायचे, तर पायचा प्रसंग दोषी आणि वेबकॅमचा प्रसंग त्या मानाने सौम्य ठरतो. माझे मन नेमका उलटा निवाडा देते आहे, आणि तो निवाडा मला तपासून घ्यायचा आहे.

रंगपट

सावलीताई, आपण प्रश्न नीट मांडला आहे, तरी वेबकॅमच्या प्रसंगाची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून मी ती मांडतो.

प्रहसनाचा जुना नियम असा आहे की, जो दुसऱ्यासाठी खड्डा खणतो तोच त्यात पडतो. जिम मित्राच्या घरून धावत परत येतो, नादियासमोर उभा राहतो, आणि त्याच कॅमेऱ्यापुढे, साऱ्या शाळेच्या साक्षीने, त्याचे शरीर त्याला दगा देते, तेही एकदा नव्हे तर दोनदा. दुसऱ्या दिवशी शाळेत हसे होते ते त्याचे. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर डोकावणाराच तमाशा होऊन बसतो आणि प्रेक्षक हसतो तो या उलटापालटीला.

दुसरे, या प्रसंगाची वंशावळ लक्षात घ्यायला हवी. ‘पोर्कीज’ या १९८० च्या दशकारंभीच्या चित्रपटात १९५४ सालच्या फ्लोरिडातली मुले मुलींच्या न्हाणीघराच्या भिंतीतल्या भोकातून डोकावतात, आणि तिथेही डोकावणाऱ्याची अतिशय वाईट गत होते. ‘अमेरिकन पाय’ने भिंतीतल्या भोकाच्या जागी वेबकॅम आणला. लेखक-दिग्दर्शकांनी काही नवे क्रौर्य शोधून काढले असे मला वाटत नाही. आधीच्या पिढीकडून आलेला एक ठरीव प्रसंग त्यांनी नव्या यंत्रावर चढवला.

काळही ध्यानात घ्यावा. १९९९ च्या एप्रिलमध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला होता आणि किशोरवयीनांच्या मनोरंजनावर अमेरिकेत जोरदार चर्चा चालू होती. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर केले की, ‘आर’ चित्रपटांसाठी चित्रपटगृहांचे मालक तरुण प्रेक्षकांकडून छायाचित्र असलेले ओळखपत्र मागतील. अशा वातावरणात शरीराची लाज हा विषय घेऊन एक चित्रपट येतो, मुलांना हसवतो, आणि त्यांच्या संकोचाला बोलके करतो. याचे मोल मी कमी मानत नाही.

सावली

रंगपट, जिमची फजिती होते हे मान्य. पण ती कशाबद्दल होते ते पाहा. शाळेतली मुले त्याला हसतात ती त्याला ‘जमले नाही’ म्हणून. त्याने कॅमेरा लावला याबद्दल त्याला कुणी एक शब्द विचारत नाही: मित्र नाहीत, शिक्षक नाहीत, आणि एरवी इतके समजूतदार असलेले वडीलही नाहीत. खड्डा खणणारा खड्ड्यात पडला हे खरे, पण त्याच्या आधी त्यात नादिया पडलेली आहे आणि ती आतच राहिली आहे.

भिंतीतले भोक आणि वेबकॅम यांना एकाच वंशातले मानायलाही मी कचरते. भोकातून पाहणारा तिथेच, त्या क्षणापुरता असतो आणि सापडूही शकतो. वेबकॅममधून पाहणारे किती, कुठले, पुढे ते कुणाला दाखवतील, यावर कुणाचाच ताबा राहत नाही. प्रसंगाचा सांगाडा जुना असला तरी यंत्र बदलल्यावर इजेचे माप बदलते, आणि विनोदाने त्या बदललेल्या मापाची दखलच घेतलेली नाही.

मीमांसक

या चर्चेत आपल्याकडचे काव्यशास्त्र उपयोगी पडेल असे वाटते. मम्मट या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त अश्लील हा दोष सांगताना त्याचे तीन प्रकार केले आहेत: व्रीडा म्हणजे लाज उत्पन्न करणारे, जुगुप्सा म्हणजे किळस उत्पन्न करणारे, आणि अमंगल सुचवणारे. ही विभागणी मुळात शब्दांच्या संदर्भातली आहे, पण चित्रपटाला लावून पाहिली तर बरेच काही सुटे होते.

पायचा प्रसंग सरळसरळ व्रीडेचा आहे. आपल्याला लाज वाटते कारण वडिलांनी पाहिले. दार उघडलेच नसते तर तो प्रसंग निव्वळ विक्षिप्त राहिला असता. स्टिफलरच्या हातून नको ते मिसळलेली बिअर प्यायली जाते आणि चौघांपैकी फिंचला जुलाबाचे औषध पाजले जाते, ते दोन्ही प्रसंग जुगुप्सेचे. या दोन भावांची आपण बोलताना सरमिसळ करतो आणि दोन्हींना ‘घाणेरडे’ असे एकच लेबल लावतो, पण त्यांचे काम निराळे आहे. लाज ही दोन माणसांच्या नात्यात उत्पन्न होते, त्यामुळे तिच्यातून पात्र उलगडते. किळस ही पोटात उत्पन्न होते. तिला पात्राची गरज लागत नाही, आणि म्हणूनच ती लवकर शिळी होते. बिअरच्या प्रसंगात स्टिफलरविषयी आपल्याला नवे काय कळते? काहीच नाही.

मला विशेष वाटले ते पुढचे. वेबकॅमचा प्रसंग या तीनही खणांत नीट बसत नाही. व्रीडा म्हणावी तर ती वाटायला हवी जिमला आणि पाहणाऱ्यांना, आणि चित्रपट ती वाटू देत नाही. जुगुप्सा त्यात नाही, अमंगलही नाही. म्हणजे जुन्या शास्त्रातही या दोषाला खण नाही आणि अमेरिकी मानांकनाच्या तक्त्यातही नाही, कारण दोन्हीकडे मोजले जाते ते ऐकणाऱ्या-पाहणाऱ्याच्या मनावर होणारे परिणाम. कथेतल्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न त्या मोजमापाच्या बाहेर राहतो. सावली यांचे मन जो उलटा निवाडा देते आहे, त्याचे मूळ मला इथे दिसते.

चौकस

मीमांसक यांचा लाज आणि किळस यांतला फरक मला अतिशय पटला, परंतु जुगुप्सेच्या प्रसंगांना सरसकट मोडीत काढणे अन्यायाचे होईल.

फिंचचा प्रसंग घ्या. हा मुलगा शाळेतल्या स्वच्छतागृहात पाऊल टाकत नाही, हे आपल्याला आधीपासून सांगून ठेवलेले आहे. त्याने शाळेतल्या जेसिका या मुलीला पैसे देऊन स्वतःविषयी अफवा पसरवून घेतल्या आहेत आणि त्यामुळे त्याची शाळेत एक रुबाबदार प्रतिमा तयार झाली आहे. स्टिफलर चिडतो आणि त्याच्या कॉफीत रेचक घालतो. त्यातून फिंचला स्वच्छतागृह गाठावे लागते, तेही मुलींचे. सगळी प्रतिमा एका दुपारी कोसळते. अखेरीस फिंच स्टिफलरच्या आईच्या सहवासात सापडतो, तेव्हा त्या रेचकाचे उट्टे निघते. प्रसंग ओंगळ आहे यात शंका नाही, पण त्यात कार्यकारणभाव आहे, पेरणी आहे आणि कापणी आहे. बिअरचा प्रसंग याउलट एकटाच येतो, ओकारी काढायला लावतो आणि जातो. एकाच चित्रपटात, एकाच पातळीच्या ओंगळपणातून एक चांगला विनोद आणि एक वाईट विनोद तयार झालेला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या संशोधकांनी २०१० साली विनोदाविषयी एक सिद्धांत मांडला. एखाद्या गोष्टीत काहीतरी मर्यादाभंग व्हायला हवा आणि त्याच वेळी ती निरुपद्रवीही वाटायला हवी. दोन्ही एकदम जाणवले की माणूस हसतो, असे त्याचे सार आहे. पायच्या प्रसंगात मर्यादाभंग मोठा आहे, पण नुकसान झाले ते एका पक्वान्नाचे, म्हणून हसू येते. वेबकॅमचा प्रसंग १९९९ मध्ये बहुसंख्य प्रेक्षकांना निरुपद्रवी वाटला, कारण अशा चित्रणाने माणसाचे काय होते हे तेव्हा फारच थोड्यांनी जवळून पाहिले होते. आज आपल्याला ते ठाऊक आहे. मर्यादाभंग तेवढाच राहिला, निरुपद्रवीपणा नाहीसा झाला, आणि हसूही त्याच्याबरोबर गेले. अमेरिकेतही चोरून चित्रण करण्याविरुद्धचा संघीय कायदा २००४ साली आला, आणि तोही केवळ संघ सरकारच्या अखत्यारीतल्या जागांपुरता. चित्रपट त्याच्या पाच वर्षे आधीचा आहे.

ओलावा

आतापर्यंतच्या चर्चेत मुली जवळजवळ फक्त नादियाच्या रूपाने आल्या, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

या चित्रपटातल्या मुली बुजगावणी नाहीत. जेसिका मैत्रिणीशी शरीरसुखाबद्दल ज्या मोकळेपणाने बोलते, ते तोवरच्या अशा चित्रपटांत क्वचित ऐकू येई. चौघांपैकी केव्हिन याची मैत्रीण विकी हिला या नात्यात काय मिळते, हा प्रश्न कथेत खराखुरा उपस्थित होतो आणि केव्हिनला त्यासाठी धडपड करावी लागते. मिशेल तर सगळा डावच उलटवते. वाद्यवृंदाच्या शिबिराच्या कंटाळवाण्या हकिकती सांगणारी म्हणून जिने जिमला आणि आपल्याला गाफील ठेवले, तीच शेवटी सांगते की तिने तो वेबकॅमचा प्रकार पाहिला होता आणि म्हणूनच ती जिमसोबत आली. तिच्या तोंडचे शब्द अत्यंत चावट आहेत, परंतु ते तिचे स्वतःचे आहेत, आणि ते ऐकताना मला कुठेही किळस आली नाही. चौघांपैकी ऑझचे उपकथानकही लक्षात घ्यावे. मुलगी पटवण्यासाठी गायनवृंदात शिरलेला हा खेळाडू ऐन सामना सोडून तिच्यासोबत गायला जातो, आणि अखेरीस मित्रांनी विचारल्यावर त्या रात्री काय झाले ते सांगत नाही. चौघांच्या शपथेला चित्रपटातूनच मिळालेले हे उत्तर आहे.

म्हणूनच नादियाची बाजू अधिक खुपते. इतर मुलींना बोलायला जागा देणाऱ्या लेखकाने एकीला मात्र नुसते पाहण्याची वस्तू केले, आणि ती परदेशी आहे, तिचे इथे कुणी नाही, ही गोष्ट त्याच्या सोयीची ठरली. विकीचे असे चित्रण शाळाभर गेले असते तर कथा पुढे सरकूच शकली नसती. तिचे आईवडील, मैत्रिणी, केव्हिन, सगळ्यांना काहीतरी करावे लागले असते. नादियाला विमानात बसवले की काम झाले.

तुलनेसाठी १९८२ चा ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ पाहावा. एमी हेकरलिंग यांच्या या चित्रपटालाही आधी ‘एक्स’ मानांकन मिळाले होते आणि काटछाटीनंतर ‘आर’ मिळाले. त्यात पंधरा वर्षांच्या स्टेसीचा पहिला शरीरसंबंध आहे. त्या वेळी कॅमेरा तिच्या डोळ्यांतून वर पाहतो आणि आपल्याला छतावर कुणीतरी खरडलेली अक्षरे दिसतात. एवढ्या एका चौकटीमुळे तो प्रसंग सगळ्या बाजूंनी तिचा होतो. वेबकॅमच्या प्रसंगात नादियाच्या नजरेने पाहिलेली अशी एक जरी चौकट असती, तरी आज आपण हे सगळे लिहीत बसलो नसतो असे मला वाटते.

रंगपट

ओलावा, विमानाचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. मी प्रहसनाचा नियम सांगितला, परंतु प्रहसनात सर्व पात्रे अखेरच्या अंकापर्यंत रंगमंचावर राहतात आणि हिशेब सर्वांचा होतो. नादियाला मधल्याच अंकात बाहेर काढले आहे. शेवटी ती पुन्हा येते, पण वेबकॅमच्या दुसऱ्या टोकाला, जिमला नाचताना पाहणारी म्हणून. ते दृश्य मी आजवर फिटंफाट म्हणून पाहत आलो होतो: आता तो नाचतो, ती पाहते. मात्र तो आपल्या मर्जीने नाचतो आहे आणि तिची मर्जी कुणी विचारली नव्हती, हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. मी माझे आधीचे मत तेवढ्यापुरते मागे घेतो.

मानांकनाविषयी मात्र आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते सावलीताईंच्या मूळ प्रश्नाला थेट भिडते. जॉन ह्यूज यांचा ‘सिक्स्टीन कँडल्स’ १९८४ च्या मे महिन्यात ‘पीजी’ मानांकनाने आला. ‘पीजी-१३’ हा वर्ग त्याच वर्षी १ जुलैपासून सुरू झाला, म्हणजे त्या काळात ‘आर’च्या खालोखाल ‘पीजी’च होते. त्यात कथेचा देखणा नायक नशेत शुद्ध हरपलेल्या आपल्या मैत्रिणीला दुसऱ्या मुलाच्या हवाली करतो, आणि ती विनोदाची जागा आहे. त्यातच एका आशियाई विद्यार्थ्याचे नाव उच्चारले की घंटेचा टोला वाजतो. त्या चित्रपटाच्या नायिका मॉली रिंगवॉल्ड यांनी २०१८ साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये लेख लिहून ह्यूज यांच्या चित्रपटांकडे नव्याने पाहिले, ज्या चित्रपटांनी त्यांना घडवले त्यांच्याविषयीचे प्रेम आणि अस्वस्थता, दोन्ही त्यात आहे.

याच्या शेजारी २००७ चा, इव्हन आणि सेथ या दोन मित्रांचा ‘सुपरबॅड’ ठेवा. मानांकन ‘आर’, आणि भाषा इतकी शिवराळ की घरात आवाज कमी करूनच पाहावा लागतो. पण ज्या रात्रीसाठी सगळा खटाटोप केला त्या रात्री इव्हनला आवडणारी बेका दारूच्या अमलाखाली असते, आणि इव्हनचे पाऊल अडखळते. दुसरीकडे ज्यूल्स ही न पिणारी मुलगी प्यायलेल्या सेथला थांबवते. सगळ्या शिव्यांच्या तळाशी दोन मित्रांची एकमेकांपासून दुरावण्याची भीती आहे. शब्दांची घाण मोजणारा तराजू ‘सिक्स्टीन कँडल्स’ला मुलांसाठी योग्य ठरवतो आणि ‘सुपरबॅड’ला अयोग्य.

मीमांसक

रंगपट यांच्याशी सहमत आहे, फक्त एक सावधगिरीची सूचना. ‘ओंगळ दिसते पण मन चांगले आहे’ हे आपले आवडते वाक्य होऊन बसू नये. ‘सुपरबॅड’मधल्या मुलांचे मुलींविषयीचे सततचे बोलणे तासभर ऐकत राहिल्याचाही काही परिणाम होतो, आणि शेवटच्या वीस मिनिटांतल्या शहाणपणाने तो पुसला जातोच असे नाही. प्रमाण हासुद्धा विनोदाचा गुण आहे. ‘अमेरिकन पाय’मध्ये अधूनमधून बाप-लेकाचा एखादा शांत प्रसंग येतो, त्यामुळे श्वास घेता येतो; त्याच वाणाच्या अनेक चित्रपटांत ती उसंतच नाही.

पडवी

मी वाचनमात्र होतो, पण प्रश्न माझ्या घरातला असल्यामुळे विचारतो. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. एवढे सगळे वाचल्यावर त्याला हा चित्रपट दाखवावा की नाही, याबद्दल माझा गोंधळ वाढला आहे. सावलीताई, आपण चित्रपट थांबवला म्हणालात, तेव्हा पुढे काय झाले ते सांगाल का? मुलीने ते कसे घेतले?

सावली

पडवी, आपण विचारलेत म्हणून सविस्तर सांगते.

पायच्या प्रसंगाला ती उशीत तोंड लपवून हसली, आणि वडील टेबलापाशी बसले तेव्हा हसता हसता गप्प झाली. “किती चांगले आहेत ना ते,” एवढेच म्हणाली. बिअरच्या प्रसंगाला तिने तोंड वाकडे केले आणि तिथे आम्ही दोघीही हसलो नाही. वेबकॅमच्या प्रसंगात सुरुवातीला ती हसत होती. मग जागोजागची मुले पडद्यापुढे जमू लागली तसे तिचे हसणे थांबले, आणि तिने पाय वर घेऊन गुडघ्यांना मिठी मारली. ते पाहून मी चित्रपट थांबवला. मी काही बोलायच्या आधी तिनेच विचारले, “हिला कधी कळतं?” मी म्हटले, “पुढे कळतं, पण तिला कळल्याचं आपल्याला दाखवत नाहीत.” ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. नंतर तिने तिच्या ओळखीतल्या एका मुलीविषयी सांगितले. ती हकिकत मी इथे लिहिणार नाही. एवढेच लिहिते की ती घडून वर्ष उलटले होते आणि तोवर तिने ती मला सांगितली नव्हती.

आम्ही उरलेला चित्रपट दुसऱ्या दिवशी पाहिला. मिशेल तिला फार आवडली. ऑझने मित्रांना उत्तर दिले नाही तेव्हा ती “बरोबर” म्हणाली.

आपल्या मुलाविषयी मी काय सांगावे? पंधराव्या वर्षी या चित्रपटातला चावटपणा त्याला नवा असेल असे मला वाटत नाही, त्यामुळे त्या भीतीने अडवू नये असे माझे मत आहे. पण एकट्याने किंवा मित्रांच्या घोळक्यात पाहू देण्यापेक्षा आपण सोबत असावे, आणि वेबकॅमच्या प्रसंगाला उठून चहा करायला जाऊ नये. त्याला तिथे हसू आले तर रागावू नका. हसायला लावण्यासाठीच तो बेतलेला आहे. फक्त नादियाला परत पाठवल्याचे वाक्य येईल तेव्हा त्याचे लक्ष असू द्या, कारण ते इतके पटकन येऊन जाते की माझ्याही कानावरून पहिल्यांदा निसटले होते. आणि एक व्यवहारातली गोष्ट: मानांकनाशिवायची एक लांब आवृत्तीही मिळते, ज्यात कापलेले तुकडे परत जोडले आहेत. ती घेऊ नका. त्या तुकड्यांनी किळस वाढते, वडिलांचा प्रसंग तसूभरही वाढत नाही.